कोणता फोन घेऊ? वेल्ह्याच्या खोऱ्यातून एक उत्तर

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. कोणता फोन घेऊ? उत्तर देणाऱ्यांचीही कमतरता नसते. यूट्यूबवर खोके उघडून दाखवणारे असतात, मोबाईलच्या दुकानातला पोरगा असतो, पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या असतो. वादही ठरलेले असतात. अँड्रॉइड की आयफोन, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, ४जी पुरे की ५जीच हवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बटणांचा फोन बरा की आता त्यांनीही स्मार्टफोन शिकावा.

या सगळ्या वादांत एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. फोन हातात घेतला की त्याला रेंज असणारच. पुण्यात कोथरूडला किंवा हडपसरला बसून वाद घालणाऱ्याला हे गृहीत धरता येते. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळून मार्गासनी, विंझर मागे टाकत वेल्ह्याकडे निघालेल्या माणसाला ते धरता येत नाही. एकीकडे राजगड, समोर तोरणा, आणि डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याला मान्यता दिली. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून या लेखातही तेच नाव वापरले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. फोन ही अर्धी वस्तू आहे. तिचा दुसरा अर्धा भाग टॉवर, आणि त्या दोघांमध्ये जे काही उभे असेल ते ठरवते की खिशातला फोन कामाचा आहे की नाही. वेल्ह्यात त्या दोघांमध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे रेंजची तक्रार करणाऱ्याला ‘चांगला फोन घे’ असा सल्ला देणे म्हणजे विहिरीला पाणी नाही म्हणणाऱ्याला मोठी बादली घ्यायला सांगण्यासारखे आहे. हे असे का, ते जरा तपशिलात पाहू.

डोंगराआडची सावली

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून स्वच्छ हवेत तोरणा, सिंहगड, पुरंदर दिसतात. किल्ले एकमेकांच्या नजरेत असावेत, म्हणजे इशारा पोहोचतो, हे जुन्या काळातले शहाणपण. मोबाईलचा टॉवरही बराचसा याच नियमाने चालतो. टॉवरच्या अँटेनापासून तुमच्या फोनपर्यंत सरळ रेषा मोकळी असेल तर काम सोपे. मध्ये डोंगराची सोंड आली की तिच्यामागे सावली पडते. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा पुण्यातून सहज दिसतो, म्हणून तिथल्या गच्चीवरच्या अँटेनांना चित्र मिळत असे. त्याच डोंगरामागच्या खोल खोऱ्यात राहणाऱ्याला मनोरा जवळ असूनही चित्रात मुंग्याच दिसण्याची शक्यता जास्त. अंतरापेक्षा आड काय आले आहे, याला महत्त्व असते.

ही सावली प्रत्येक लहरीसाठी सारखी गडद नसते. लांब लहरी डोंगराच्या धारेवरून थोड्या वळतात आणि पलीकडच्या उतारावर काही प्रमाणात उतरतात. आखूड लहरी फारशा वळत नाहीत, उन्हासारख्या सरळ जातात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, म्हणजे फूटपट्टीहून जरा जास्त. १८०० मेगाहर्ट्झला ती १७ सेंटिमीटरवर येते, २३०० ला १३ वर, आणि ५जीसाठी भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झला जेमतेम ९ सेंटिमीटरवर. लहर जितकी आखूड तितकी एका वेळी वाहून नेता येणारी माहिती साधारणपणे जास्त, कारण वरच्या पट्ट्यांत रुंद जागा मोकळी मिळते. म्हणून शहरात, जिथे दर काही चौकांनंतर टॉवर आहे, तिथे ५जी धावते. खोऱ्यात हीच आखूड लहर पहिल्याच सोंडेला अडते.

म्हणून फोनच्या खोक्यावर ‘५जी’ लिहिले आहे यावरून वेल्ह्यात काहीच कळत नाही. कोणत्या पट्ट्यातले ५जी, हा खरा प्रश्न. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर ४३ सेंटिमीटर लांब, ती डोंगराळ मुलखाला त्यातल्या त्यात मानवते. २०२२ च्या लिलावात जिओने हा पट्टा घेतला, आणि बीएसएनएलचे ४जीही ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. पण पट्टा कागदावर असणे आणि तुमच्या खोऱ्यातल्या टॉवरवर त्या पट्ट्याचे यंत्र बसलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साध्या फोनला रेंज का येते

‘माझ्या साध्या मोबाईलला इथे रेंज येते, पोराच्या महागड्या फोनला येत नाही,’ असे जुनी माणसे सांगतात आणि तरुण मंडळी हसतात. हसू नये. म्हाताऱ्यांचे निरीक्षण बहुतेक वेळा बरोबर असते आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण वर आलेच. बटणांचा २जी फोन भारतात प्रामुख्याने ९०० मेगाहर्ट्झची लांब लहर वापरतो. दुसरे कारण ताकदीचे. संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. टॉवरचा आवाज मोठा असतो, तो फोनला ऐकू येतो. फोनचा आवाज मात्र टॉवरपर्यंत पोहोचावा लागतो, आणि तो बारीक असतो. ९०० मेगाहर्ट्झवरचा २जी फोन गरज पडली तर क्षणभर २ वॉटपर्यंत जोर लावू शकतो. ४जी फोनची सर्वसाधारण कमाल मर्यादा सुमारे ०.२ वॉट आहे. म्हणजे जुना फोन थांबून थांबून का होईना, पण दहापट मोठ्याने ओरडतो. तिसरे कारण असे की त्याला फक्त बोलणे आणि मेसेज एवढेच पोहोचवायचे असते. चार शब्द पलीकडच्या डोंगरावर ओरडून सांगता येतात, आख्खी पोथी वाचून दाखवता येत नाही.

स्मार्टफोनवर दोन काड्या दिसतात तरी फोन लागत नाही, या नेहमीच्या कोड्याचे उत्तरही इथेच आहे. काड्या टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते दाखवतात. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो की नाही, ते दाखवत नाहीत.

मग सगळ्यांनी बटणांचा फोनच घ्यावा का? इथे दुसरा वाद सुरू होतो. जिओचे जाळे सुरुवातीपासून ४जीचे, त्यावर २जी नाहीच. त्यामुळे जुना २जी फोन त्या सिमवर चालत नाही. ४जीवर चालणारे बटणांचे फोन त्यासाठीच निघाले, २०१७ चा जिओफोन आणि २०२३ चा जिओभारत ही त्याची उदाहरणे. दिसायला ते साधे फोन असले तरी आतून ४जी आहेत. वर सांगितलेला २ वॉटचा आवाज त्यांच्यात नाही. एअरटेल आणि व्हीआय यांचे २जी चालू आहे, पण देश ‘२जीमुक्त’ करावा ही मागणी गेली काही वर्षे जोरात आहे. मुंबई-दिल्लीतून ती मागणी पुरोगामी वाटते. मला ती अर्धवट वाटते. ज्या खोऱ्यात २जीच्या जागी तितक्याच लांब पोहोचणारे ४जी आधी उभे राहिले आहे, तिथे २जी खुशाल बंद करा. जिथे ते नाही, तिथे २जी बंद करणे म्हणजे नवा पूल बांधण्याआधी जुना साकव काढून टाकणे.

काड्या खोटे बोलतात

फोनवरच्या काड्यांना कोणतेही सर्वमान्य माप नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापले ठरवतो. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन शेजारी ठेवून ‘याला तीन काड्या, त्याला एकच’ अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

खरे माप फोनच्या आतच असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती पाहिली तर डीबीएम या एककात एक उणे आकडा दिसतो. उणे ७० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे जेमतेम. या मापात प्रत्येक १० चा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे उणे ७० आणि उणे ११० यांत दिसायला चाळीसचा फरक असला तरी सिग्नल १०,००० पट कमी झालेला असतो. घराच्या कोणत्या कोपऱ्यात, ओट्यावर की गोठ्याजवळ, फोन ठेवावा हे या आकड्यावरून पाच मिनिटांत ठरवता येते. नवा फोन घेण्याआधी हा उद्योग करून पाहावा, तो फुकट आहे.

आणखी एक वाक्य फोनवर दिसते आणि लोक ते ‘रेंज नाही’ असे वाचतात. ‘केवळ आपत्कालीन कॉल’. त्याचा अर्थ वेगळा आहे. तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि ११२ हा क्रमांक त्या परक्या टॉवरवरूनही लागू शकतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. राजगड-तोरणा वाटेवर येणारी गर्दी आता वाढणारच. त्या वाटेवर पाय मुरगळून बसलेल्या पोराने ‘केवळ आपत्कालीन कॉल’ हे शब्द वाचून फोन खिशात टाकला, तर तो हाताशी असलेली मदत टाकतो आहे.

पाऊस आणि बॅटरी

‘पाऊस सुरू झाला की रेंज जाते,’ हेही वेल्ह्यातले रोजचे वाक्य. पावसाचे थेंब मोबाईलच्या लहरींना फारसे अडवत नाहीत. या लहरी थेंबांच्या मानाने खूप लांब असतात. मग रेंज का जाते? टॉवरवर ढोलकीसारखी गोल तबकडी दिसते, ती टॉवरला पुढच्या टॉवरशी जोडते. तिच्या लहरी अतिशय आखूड, दोन-अडीच सेंटिमीटर आणि त्याहून कमी. धो-धो पावसात त्या मात्र खरोखर क्षीण होतात. त्यात भर विजेची. झाड पडून वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, ती संपली आणि डिझेल वेळेत पोहोचले नाही की टॉवर मुका. म्हणजे तुमच्या फोनचा आणि टॉवरचा दुवा ठीक असतो, पण टॉवरचाच बाकीच्या जगाशी संबंध तुटलेला असतो. काड्या पूर्ण, नेट बंद, हे दृश्य त्यातूनच येते. ज्या टॉवरपर्यंत जमिनीखालून ऑप्टिकल फायबर आलेली आहे, त्याला तबकडीचा त्रास नसतो. म्हणून गावात नवा टॉवर येतो आहे असे कळले की ‘किती जीचा’ याच्या आधी ‘फायबरवर की तबकडीवर, आणि बॅटरी किती तासांची’ हे विचारावे.

बॅटरीचेही तसेच. त्याच फोनची बॅटरी पुण्यात दीड दिवस जाते आणि वेल्ह्यात संध्याकाळपर्यंत संपते. फोन बिघडलेला नसतो. टॉवर लांब असला की फोन कमाल जोर लावून बोलतो, आणि टॉवर सापडतच नसला की पुन्हा पुन्हा सगळे पट्टे धुंडाळत राहतो. या शोधातच बॅटरी जाते. रानात गुरांमागे किंवा लावणीला जाताना, जिथे रेंज नाहीच हे माहीत आहे, तिथे फोन विमान मोडवर टाकावा. परत काडीवर आलात की मोड काढावा. फोन तेव्हा नव्याने शोध घेतो, आणि जुन्या क्षीण टॉवरला चिकटून बसण्याऐवजी जवळचा पकडण्याची शक्यता वाढते.

उपग्रह बोलतो, फोन ऐकतो

रेंज नसली की जीपीएस चालत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात. फोन फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की फोन आपली जागा काढतो. त्याला टॉवरची गरज नाही, सिमचीही नाही.

टॉवरचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे नकाशाचे चित्र. ठिपका मिळतो पण त्याखालचा नकाशा कोरा, हे त्यामुळे होते. गूगल मॅप्समध्ये तालुक्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो, तेवढे केले की काम भागते. दुसरे म्हणजे उपग्रहांचे वेळापत्रक. नेट असेल तर फोन ते काही सेकंदांत मिळवतो. नसेल तर उपग्रहाकडूनच घ्यावे लागते, आणि उपग्रह ते सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने सांगतो. एका उपग्रहाची आवश्यक माहिती ३० सेकंदांची, सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी साडेबारा मिनिटांची. मध्ये झाडाची ओली फांदी किंवा डोंगर आला तर तो तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. म्हणून रेंज नसलेल्या जागी फोन आकाशाखाली धरून काही मिनिटे निवांत उभे राहायचे असते. वैतागून ॲप बंद-चालू केले की मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

हे तपशील ट्रेकिंगच्या हौशीपुरते नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या सगळ्यांना ती नोंद लागते. खरिपाच्या पाहणीचे दिवस म्हणजे वेल्ह्यात भातखाचरे भरून वाहण्याचे आणि डोंगर ढगात असण्याचे दिवस. गट खोऱ्याच्या तळाशी, आकाशाचा अर्धा भाग डोंगराने झाकलेला, फोन नुकताच पडवीतून बाहेर काढलेला. तिथे ठिपका पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे झाला की तो शेजाऱ्याच्या खाचरात पडतो. बारीक तुकड्यांच्या या मुलखात पन्नास मीटर म्हणजे दोन-तीन मालक बदलतात.

या ॲपमध्ये एक गोष्ट मात्र शहाणपणाची आहे. शेतात नेट नसेल तर नोंद फोनमध्येच राहते आणि रेंजमध्ये आल्यावर ती चढवता येते. ‘साठव आणि नंतर पाठव’ ही कल्पना साधी आहे, पोस्टाच्या पेटीइतकी जुनी आहे, आणि डोंगराळ भागासाठी तीच योग्य आहे.

ओटीपीचे घड्याळ

नेमके याच्या उलट वागणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. त्याची गंमत अशी की तो ज्या एसएमएसवरून येतो, ती व्यवस्था खोऱ्यांसाठीच बनवल्यासारखी आहे. एसएमएस १९९२ पासूनचा. पाठवलेला मेसेज कंपनीच्या केंद्रात साठतो. तुमचा फोन रेंजमध्ये नसेल तर केंद्र थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तुम्ही तासाभराने टेपावर चढलात की मेसेज टुणकन येतो. फारच गरीब सिग्नलवरही तो पोहोचतो.

या धीराच्या व्यवस्थेवर कुणीतरी काही मिनिटांचे घड्याळ बांधले आणि त्याला ओटीपी म्हटले. आता मेसेज येतो, पण मुदत संपल्यावर. मग ‘पुन्हा पाठवा’ दाबायचे, दुसरा मागवायचा, आणि टेपावर पोहोचल्यावर दोन्ही एकदम येतात. कोणता चालू, कोणता शिळा, हे कळत नाही. अनुदानाची केवायसी, बँकेचा व्यवहार, पोराच्या प्रवेशाचा अर्ज, सगळीकडे हेच. त्यातून एक पद्धत पडते. अर्ज भरणारा खाली सेवा केंद्रात, ज्याच्या नावावर सिम तो माणूस वर वाडीत. मग फोन, सिम आणि गुप्त क्रमांक तिसऱ्याच्या हाती सोपवला जातो. सुरक्षेसाठी आणलेल्या गोष्टीमुळे सुरक्षाच जाते, आणि फसवणूक झाली की ‘ओटीपी दुसऱ्याला का दिला’ असे त्याच माणसाला विचारले जाते.

दुसरा मार्ग नाही असे नाही. फोनच्या आतच दर अर्ध्या मिनिटाला नवा क्रमांक तयार करणारी पद्धत जगभर वर्षानुवर्षे वापरात आहे. तिला रेंज लागत नाही, फोनचे घड्याळ बरोबर असले की पुरते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या ओळखपडताळणीचे नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यांत दुहेरी पडताळणी कायम आहे, पण केवळ एसएमएसवर अवलंबून न राहता इतर पद्धतींना वाट मोकळी केली आहे. बँकांनी ती वाट घेताना महागड्या फोनवरचा चेहरा किंवा बोटाचा ठसा एवढाच विचार केला, तर वेल्ह्याच्या माणसाला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखे होईल. साध्या फोनवरून बोलून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे. ती किती दुकानांत कुणी समजावून सांगितली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मग घ्यायचा कोणता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोंगराळ भागात राहणाऱ्याने फोन निवडताना यादी उलटी करावी.

आधी जागा, मग सिम, मग फोन. घरात, गोठ्यात, शेतात आणि एसटीच्या थांब्यावर कोणत्या कंपनीची रेंज येते ते शेजाऱ्यांचे फोन घेऊन तपासा. १ एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीने आपल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर द्यायचा, असा ट्रायचा नियम आहे. तो नकाशा पाहा, पण विश्वास शेजाऱ्याच्या फोनवर ठेवा. दोन सिमचा फोन घ्या आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. एकच कंपनी दोनदा घेण्यात डोंगरात काही फायदा नाही. दुसऱ्या सिमवर नेट लागत नसेल तर फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ते देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी बँड पाहा. ५ आणि ८ क्रमांकाचे बँड म्हणजे ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ, २८ म्हणजे ७००. लांब पोहोचणाऱ्या लहरी याच. परदेशातून कुणी आणून दिलेला भारी फोन यांतला एखादा बँड नसल्यामुळे खोऱ्यात मुका बसू शकतो. त्यानंतर बॅटरी, मग पाण्यापासून बचाव. घरी किंवा ग्रामपंचायतीत फायबरचे वायफाय असेल तर वायफाय कॉलिंगची सोय असलेला फोन घ्या. टॉवर नसतानाही त्यावर नेहमीच्या क्रमांकाने बोलता येते. कॅमेरा आणि रॅम सगळ्यात शेवटी. आणि बाजारात मिळणारे ‘सिग्नल बूस्टर’ घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणे बेकायदा आहे, आणि शेजारच्या वाडीची उरलीसुरली रेंजही त्यामुळे बिघडते.

प्रश्न कुणाला विचारायचा

इतके सगळे केले तरी डोंगर तिथेच राहतो. म्हणून शेवटचा मुद्दा दुकानाच्या बाहेरचा आहे.

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, पुणे शहराची ३१ लाखांहून अधिक. पुण्यात एका टॉवरखाली हजारो ग्राहक येतात. वेल्ह्यात तेवढ्याच खर्चाच्या टॉवरखाली दोन-चार वाड्या येतात. कंपनी हिशोबाने वागते, त्यात आश्चर्य नाही. हे सरकारलाही ठाऊक होते, म्हणून कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम अशा दुर्गम भागांसाठी वेगळी काढली जाते. आधी तिचे नाव सार्वत्रिक सेवा निधी होते, आता डिजिटल भारत निधी. तुमच्या-माझ्या प्रत्येक रिचार्जचा वाटा त्यात आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक चांगला निर्णय झाला. या निधीतून उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कोणतेही सिम चालावे. सरकारी पैशाचा टॉवर एका कंपनीच्या ग्राहकांपुरता राहू नये, ही त्यामागची साधी भूमिका.

अडचण मोजणीत आहे. गाव हे एकक धरले की गावठाणात रेंज आली म्हणजे गाव ‘झाले’. वेल्ह्यात गावठाण नदीकाठी, आणि धनगरवस्ती डोंगराच्या पोटात तासाभराच्या चढावर. कागदावर दोन्ही एकच गाव. त्यामुळे ग्रामसभेत ठराव करायचा असेल तर ‘गावात टॉवर हवा’ एवढे पुरत नाही. वाडीवार यादी हवी: कुठे कोणत्या कंपनीचा किती डीबीएम सिग्नल, सकाळी किती, पावसात किती, वीज गेल्यावर किती वेळ. कॉलेजात जाणारी पोरेपोरी एका रविवारात ही यादी करू शकतात, वर सांगितलेल्या सेटिंगमधून. असा कागद घेऊन तहसीलला गेले की ‘फोन बदलून पाहा’ हे उत्तर देता येत नाही.

दुसरी मागणी यंत्रणा बनवणाऱ्यांकडे. लोकांना सक्तीने वापरायला लावायचे कोणतेही ॲप पुण्या-मुंबईच्या कार्यालयात तपासून सोडू नये. ऑगस्टमध्ये, ढग उतरलेले असताना, वेल्ह्याच्या एखाद्या खोऱ्यात जुन्या फोनवर ते चालवून पाहावे. रेंज नसताना नोंद साठते का, मुदत पुरेशी आहे का, बटणांच्या फोनवाल्याला काही मार्ग आहे का, हे तिथे अर्ध्या दिवसात कळेल. तिथे चालले तर ते राज्यात कुठेही चालेल.

या दिवाळीत फोन जरूर घ्या. भाताचे पैसे आलेले असतात, पोरांचा आग्रह असतो, आणि हौसेला मोल नसते. फक्त रेंज येत नाही म्हणून घेणार असाल, तर आधी शेजाऱ्याचा फोन हातात घेऊन ओट्यावर उभे राहा आणि तो उणे आकडा पाहा. तोही ११० च्या आसपास असला, तर दुकानात जाऊ नका. कागद घ्या आणि ग्रामपंचायतीत जा.